लॉनची निगा आणि दिवाळीच्या सुमारासचा ताप

आठ दिवसांचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, सोबत कोरडा खोकला. प्लेटलेट्स कमी. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. बाहेर कुठेतरी केलेली विडाल टेस्ट 'पॉझिटिव्ह' आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं चार दिवस घेऊन झालेली. पन्नाशीचा असा एक रुग्ण मागच्या वर्षी कोजागिरीनंतर आमच्या वॉर्डात दाखल झाला. केसपेपरवर व्यवसाय 'मजुरी' एवढाच लिहिलेला. राउंडला विचारलं, मजुरी कसली? तर म्हणाला, "बंगल्यांच्या लॉनचं गवत कापतो, साहेब."

रेसिडेंटला म्हटलं, पडदा ओढा आणि सगळे कपडे काढून पुन्हा तपासा. जांघेत, चड्डीच्या शिवणीखाली एक काळी खपली सापडली. सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजतही नव्हती, त्यामुळे त्याला तिचा पत्ताच नव्हता. हा स्क्रब टायफस होता.

विदर्भातल्या वाचकांना हे नाव नवं नाही. 2018 च्या पावसाळ्याअखेरीस नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा ते घरोघरी पोहोचलं. पण तो शेतात नाहीतर जंगलात जाणाऱ्यांचा आजार, अशी आपली समजूत झाली आहे. घरापुढची हिरवळ कुणाच्या डोक्यात येत नाही.

कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला माइट नावाचा एक बारीक जीव असतो. त्याच्या अळीला चिगर म्हणतात. ती इतकी लहान की साध्या डोळ्यांना जेमतेम दिसावी. आयुष्यात एकदाच, अळी असतानाच, तिला प्राण्याच्या अंगावर पोट भरावं लागतं. त्यासाठी ती गवताच्या पात्यावर चढून उंदराची वाट बघत बसते. उंदराऐवजी आपला पाय आला तर आपल्यावर चढते. मग कपड्यांच्या आत फिरत कंबर, काख, जांघ अशी मऊ, दमट जागा शोधते आणि तिथे चिकटते. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू तिच्या लाळेतून आपल्या अंगात येतो. हा जिवाणू माइटच्या मादीकडून तिच्या अंड्यांत उतरतो. त्यामुळे बागेचा एखादा कोपरा एकदा बाधित झाला, की तो पुढच्या पिढ्यांतही बाधित राहू शकतो.

आता लॉनकडे येऊ. (आमच्याकडे लॉन म्हटलं की आधी लग्नाचं लॉन आठवतं. मी घरापुढच्या गवताबद्दल बोलतो आहे.) भर पावसात मशीन चालत नाही, माळी येत नाही. दसऱ्यापर्यंत गवत पोटरीला लागतं. मग दिवाळी तोंडावर आली की एका सकाळी सगळं सपाट केलं जातं, तेही फक्त मधलं. कुंपणालगतची पट्टी, कुंड्यांच्या मागची जागा, पाण्याच्या टाकीभोवतालचं रान तसंच राहतं, आणि कापलेलं गवत त्याच कोपऱ्यात ढीग करून टाकलं जातं. उंदरांना आणि माइटना याहून चांगली जागा कुठली? मधल्या, छान कापलेल्या, उन्हात तापणाऱ्या हिरवळीत चिगरचं फारसं जमत नाही. तिला सावली आणि ओल लागते. धोका असतो तो कडेला.

गवताच्या दृष्टीनेही एकदम सपाट कापणं वाईटच. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पाऊस ओसरला की आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन कापण्यांत ते हवं तेवढं खाली आणावं. कडा मशीनने निघत नाहीत, त्या कात्रीने किंवा विळ्याने काढाव्या लागतात. कापलेलं गवत त्याच दिवशी उचलून खताच्या खड्ड्यात टाकावं. पुढे पानगळ सुरू झाली की पानांचंही तेच करावं. पाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, वाळल्या पानांत घोणस अजिबात ओळखू येत नाही. आणि ढीग पेटवू नका. थंडीत तो धूर खालीच रेंगाळतो, आणि दम्याचे रुग्ण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात.

डिसेंबरात दुसरीच धांदल उडते. रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास आला की हरळी वाढायची थांबते आणि पिवळी-तपकिरी पडते. लोक घाबरतात. मीसुद्धा घाबरलो होतो. सरकारी क्वार्टरपुढे माझंही दोन खोल्यांएवढं लॉन आहे. पहिल्या हिवाळ्यात मी त्यावर रोज संध्याकाळी पाणी मारलं, वरून युरिया टाकला. गवत हिरवं झालं नाही, बुरशीचे गोल चट्टे मात्र पडले. ते गवत मेलेलं नसतं. थंडीपुरती त्याची वाढ थांबलेली असते, आणि ऊब आली की ते आपोआप फुटतं. पाणी आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, तेही सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं. आणि सतत ओल्या ठेवलेल्या कोपऱ्यात आणखी कोण कोण राहायला येतं, ते वर सांगितलंच आहे.

मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी अजूनही कुणी कुणी फोरेटच्या दाण्यांचा सल्ला देतं. या कीटकनाशकावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. ज्या गवतावर नातवंडं लोळतात तिथे ते टाकायचा विचारही करू नये.

याच महिन्यांत ओपीडीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, पहाटे दवावर अनवाणी चाललं की चष्म्याचा नंबर जातो ना?" नाही जात. पायांना गार वाटतं, मन प्रसन्न होतं, तेवढं पुरे. पण मधुमेह असलेल्यांनी हे करूच नये. तळपायाची संवेदना गेली असेल तर गवतात रुतलेली काच कळत नाही. ती जखम पाहायला सर्जरीच्या वॉर्डात यावं लागतं.

पुन्हा तापाकडे. चिगर चावल्यापासून ताप यायला 6 ते 21 दिवस लागतात, म्हणून दोन्हींचा संबंध रुग्णाला लागत नाही. तो डॉक्टरांनी विचारायचा असतो. गवतात काम केलं होतं का, जमिनीवर बसला होतात का? खपली सगळ्यांना येत नाही, पण शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत कुणाला जांघ तपासायला वेळ असतो? नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडूनही असे रुग्ण सुटले असणार, हे मला आता कळतं. लवकर ओळखला तर या आजाराला डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध पुरतं. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर बेतू शकतं. लस नाही. म्हणून आठवडाभर न उतरणारा ताप घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गवताचं आपणहून सांगा.

गवतात काम करणाऱ्याने पायमोज्यात खोचलेली पूर्ण पँट, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. चिगर चिकटायला वेळ घेते, त्यामुळे घरी जाताच साबणाने अंग चोळून अंघोळ केली आणि कपडे धुवायला टाकले तरी बरंच साधतं. कपडे गवतावर वाळत घालू नयेत. कोजागिरीला किंवा दिवाळी पहाटेला हिरवळीवर बसायचं असेल तर मधोमध बसा, खाली जाड सतरंजी घ्या. खुर्ची असेल तर उत्तम.

आमच्या रुग्णाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. घरी सोडताना मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गमबूट केवढ्याला येतात, साहेब?" सहा बंगल्यांचं काम आहे, अंगातला शर्ट मळू नये म्हणून तो काढून कुंपणावर टाकतो आणि जाताना तोच घालतो, असंही तेव्हाच कळलं. बंगलेवाल्यांना सांगून बघा, असं मी म्हटलं. आठवड्याने तो फॉलोअपला आला तेव्हा तब्येत छान होती. पायांत चपलाच होत्या. सहापैकी एका घरातल्या आजींनी मुलाचे जुने बूट देऊ केले होते, पण ते त्याला लहान होत होते.