पंख्याचा आस

मराठी घराला फिरणाऱ्या वस्तू नव्या नाहीत. जाते, चरखा, रहाट, बैलगाडीचे चाक ह्यांच्या संगतीत आपल्या अनेक पिढ्या गेल्या. ह्यांतले काही बिघडले की जाणता माणूस आधी एकच गोष्ट पाहत असे: आस सैल तर झाला नाही ना? जात्याच्या मधला आस झिजला की वरची तळी डगमगते आणि दाणा अर्धवट भरडून बाहेर पडतो. चरख्याची चाती ज्या दोन कानांत फिरते त्यांपैकी एक ढिला झाला की सूत तुटू लागते. मग कातणारी कितीही कुशल असो. हाच जुना प्रश्न आज आम्हांस एका लहानशा वस्तूविषयी विचारावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाच्या पोटातला पंखा.

इतक्या क्षुल्लक वस्तूवर पाने खर्च करावीत काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे. संगणकातील मुख्य चिप जी वीज खाते तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. घरगुती संगणकात ही चिप 65 वॅटची असणे अगदी सामान्य आहे. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेतून बाहेर पडावयाची असते. धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा ती उष्णता शोषून घेतो आणि पंखा ती वाऱ्यावर उडवून देतो. पंखा मंदावला की तापमान चढते; ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की चिप स्वतःचा वेग आपणहून कमी करते, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. हे घडते ते बहुधा भर उन्हाळ्यात. तालुक्याच्या गावी सात-बाराच्या उताऱ्यासाठी रांग लागलेली असते, आणि पडदा एकाएकी काळा होतो. रांगेतल्या माणसाचा दिवसाचा रोज बुडतो. दोष विजेवर जातो, कधी बिचाऱ्या चालकावर जातो. खरा दोष पुष्कळदा तीन मिलिमीटर जाडीच्या एका पोलादी दांडीच्या आधारात असतो, आणि ती दांडी कोणी पाहिलेलीही नसते.

ती कोठे असते ते आधी पाहू. पंख्याची चौकट प्लास्टिकची. तिच्या मध्यभागी चार बारीक हातांनी धरलेली एक वाटोळी बैठक. तिच्यावर उभी एक नळी, बहुधा पितळेची. नळीच्या बाहेरच्या अंगाला तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात आणि आतल्या अंगाला बेअरिंग. पाती ज्या टोपीला जोडलेली असतात तिच्या आत चुंबकाचे कडे असते, आणि टोपीच्या बरोबर मध्यातून आमची ही दांडी, म्हणजे आस, खाली निघालेली असते. आस नळीत शिरतो आणि टोपी वेटोळ्यांवर पालथी बसते. छताच्या पंख्यात दांडा स्थिर असतो आणि त्याच्याभोवतीचे भांडे फिरते; येथे आस स्वतः पात्यांबरोबर फिरतो.

ह्या रचनेत एक अडचण जन्मतःच आहे. आसाला आधार एकाच बाजूने मिळतो. पात्यांच्या पुढे त्याला धरणारे काही नसते. रहाटाचा आस दोन खांबांवर टेकतो, पण हा बिचारा एकाच खांबात रोवलेल्या झेंड्यासारखा. तेव्हा जे काही धरावयाचे ते नळीतल्या बोटभर लांबीतच धरले पाहिजे. आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. बेअरिंगची लांबी 12 मिलिमीटर आणि आस व भोक ह्यांतील एकूण सैलपणा मिलिमीटरचा पन्नासावा भाग समजू. मग आस फार तर 600 त 1 इतका कलू शकेल, आणि मध्यापासून 55 मिलिमीटरवर असलेल्या पात्याची कड त्यामुळे मिलिमीटरच्या अकराव्या हिश्श्याएवढी वर-खाली होईल. एवढे डोळ्यांना दिसतही नाही. आता भोक झिजून सैलपणा दसपट झाला असे धरा. तीच कड जवळजवळ एक मिलिमीटर हलू लागते. टोपीतले चुंबकाचे कडे आणि आतली वेटोळी ह्यांच्यातली फट मुळातच मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. आता ती एका बाजूला मिटते, दुसऱ्या बाजूला उघडते, आणि पंखा कण्हू लागतो.

फिरणाऱ्या आसाला एका गोष्टीची पूर्ण मुभा द्यावयाची आणि बाकी सगळ्या गोष्टींची मनाई करावयाची, हे बेअरिंगचे काम. त्याने आपल्याभोवती फिरावे. पण आडवे सरकू नये, कलू नये, आणि पुढे-मागेही जाऊ नये. आडवे सरकणे आणि कलणे नळीतले बेअरिंग थांबविते. पुढे-मागे जाण्याची व्यवस्था निराळी आहे, आणि ती आम्हांस फार चतुर वाटते. आसाच्या शेपटाशी एक बारीक खाच असते. तीत चिरलेल्या वॉशरसारखे एक इवलेसे प्लास्टिकचे कडे अडकविलेले असते. बैलगाडीच्या कण्याच्या टोकाची खीळ चाक निसटू देत नाही. हे कडे तेच काम करते. पण पंखा चालू असताना आसाला जागेवर ठेवणारे खरे बळ चुंबकाचे असते. चुंबकाचे कडे वेटोळ्यांतल्या लोखंडाच्या बरोबर समोर न बसविता हेतुतः किंचित वर बसवितात. चुंबकाला लोखंडाच्या समोर येण्याची ओढ असते, म्हणून तो टोपीला सतत आत खेचून धरतो. पुष्कळ पंख्यांत आसाचे टोक तळाच्या एका गुळगुळीत चकतीवर त्या ओढीनेच टेकलेले असते. पंखा बंद असताना टोपी बोटाने किंचित बाहेर ओढून सोडावी. ती आपणहून मागे जाते, ती ह्याच कारणाने.

बेअरिंगच्या दोन मुख्य जाती. पहिली साध्या बुशाची. कांशाची भुकटी दाबून व भाजून हा बुश करतात. त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांत तेल भरून ठेवतात. आस फिरू लागला, बुश जरा तापला, की तेल बाहेर येते. थांबला की बरेचसे पुन्हा आत शोषले जाते.

ह्या तेलाचे काम केवळ बुळबुळीतपणा आणण्याचे आहे असा सार्वत्रिक समज आहे, आणि 1883 पर्यंत इंजिनिअर मंडळीही ह्याहून फारसे पुढे गेली नव्हती. त्या साली इंग्लंडात बोशँप टॉवर ह्यांनी आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी भोक पाडले, तो यंत्र चालू होताच तेल त्या भोकातून वरच येऊ लागले. भोकात लाकडाची गुडदी ठोकली. तेलाने तीही बाहेर ढकलली! म्हणजे आतील तेल मोठ्या दाबाखाली होते. ह्या कोड्याचे गणित 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांनी उलगडले. आस भोकाच्या अगदी मध्यावर नसतो, किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे तेलाची फट एकीकडे रुंद आणि एकीकडे अरुंद, पाचरीसारखी असते. फिरणारा आस तेलाला ह्या पाचरीत ओढतो, तेथे दाब वाढतो आणि त्या दाबावर आस उचलला जातो. म्हणजे चांगला पंखा चालतो तेव्हा पोलाद कांशाला शिवत नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. ह्यावरून सैलपणाचा प्रश्नही उलगडतो. सैलपणा मुळीच नसेल तर पाचर बनणार नाही. फार असेल तर तिच्यात दाब टिकणार नाही. काही नव्या पंख्यांत बेअरिंगच्या आतल्या अंगाला तिरक्या बारीक खाचा कोरून तेल मध्याकडे ढकलण्याची सोय करतात, तत्त्व तेच.

मात्र हा पापुद्रा वेग आल्यावरच तयार होतो. सुरू होताना आणि थांबताना धातूला धातू घासतोच. आणि तेल संपले तर सदैव घासतो. मिनिटाला 1500 फेरे, रोज 8 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर वर्षाला 21 कोटी 60 लक्ष फेरे होतात. तीन मिलिमीटरच्या आसाचा परीघ जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. तरी त्याचा पृष्ठभाग ह्या हिशेबाने वर्षाला दोन हजार किलोमीटरांवर धावतो. मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला पोचण्याइतका हा प्रवास आहे, आणि तो कोरड्या धातूवर करावयास लावला तर भोकाचे काय होईल हे सांगावयास नको.

दुसरी जात छर्ऱ्यांची, म्हणजे बॉल बेअरिंगची. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक लहान बेअरिंग असते आणि आस त्या दोहोंतून जातो. येथे एका बारक्या स्प्रिंगचे महत्त्व फार आहे. छर्रे आणि त्यांची कडी ह्यांत मुळातच केसभर ढिलाई असते. स्प्रिंग कडे एका दिशेने हलकेच दाबून ती ढिलाई काढून टाकते, आणि छर्रे नेहमी टेकून फिरतात. साफसफाईच्या वेळी ही स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. दुरुस्त करणारा तिच्यावाचूनच पंखा जोडतो, आणि मग नव्या बेअरिंगचाही खडखडाट का होतो ह्याचे त्याला नवल वाटते. पंखा फरशीवर पडला तर छर्ऱ्यांमुळे कड्याला सूक्ष्म खळगे पडतात. त्यावर तेलाचा उपाय नाही.

दोन बेअरिंगे एका रेषेत नसली तर काय होते? ह्या प्रश्नाने एकेकाळी गिरण्या बेजार होत्या. स्वीडनमध्ये योटेबोर्ग येथील एका कापडगिरणीची जमीन चिकणमातीची होती. ती खचे, लांबलचक दांड्यांची रेषा मोडे आणि बेअरिंगे जात. त्या गिरणीतील इंजिनिअर स्वेन विंगक्विस्ट ह्यांनी 1907 मध्ये छर्ऱ्यांच्या दोन ओळींचे असे बेअरिंग काढले की ज्याचे बाहेरचे कडे आतून गोलाच्या पृष्ठासारखे घडविलेले होते. दांडा थोडा कलला तर छर्रेही त्याच्याबरोबर कलत. संगणकाच्या पंख्याने मात्र दुसरा मार्ग धरला. त्याच्या दोन्ही बैठका एकाच नळीत असतात. नळी सरळ, तर बैठका सरळ. रेषा जुळविण्याचे काम कारखान्यातच संपलेले असते. म्हणून चौकटीचे स्क्रू वाजवीपेक्षा आवळल्याने आसाची रेषा बिघडते हा समज आम्हांस पटत नाही. फार आवळल्याने चौकट पिळवटते आणि पाती तिला घासतात, एवढे खरे. तेव्हा चारही स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरचे आवळावेत.

धुळीचा उपद्रव मात्र आसापर्यंत पोचतो. एका पात्याच्या कडेला ग्रॅमचा दहावा भाग मळ चिकटला तर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या वेगात तो आसाला सुमारे 14 ग्रॅम वजनाच्या बळाने बाहेर ओढतो, आणि ही ओढ क्षणाक्षणाला दिशा बदलते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. पाती मऊ कुंचल्याने, सर्व सारखी पुसावीत. हवेच्या झोताने साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर झोत पंख्याला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवितो, आणि ते पाहून मुलांना गंमत वाटली तरी बेअरिंगला वाटत नाही.

आवाज करणारा पंखा हाती आला तर प्रथम वीज तोडावी आणि टोपी चिमटीत धरून आडवी हलवून पाहावी. नव्या पंख्यात हालचाल जाणवत नाही. जाणवली नाही, पण फिरविताना जड लागला, तर तेल सुकले आहे. अशा पंख्याला वाचविता येते. मागचे स्टिकर सोलावे, आत रबरी बूच असल्यास ते काढावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. खोबरेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. गंजलेले नट सुटे करण्याचा फवारा तर मुळीच नको. तो बुशातले उरलेसुरले तेलही धुऊन नेतो, आणि दोन दिवसांची शांतता देऊन नंतर पंखा कायमचा बसवितो. तेल अधिक झाले तर स्टिकर चिकटत नाही आणि उघड्या भोकातून धूळ आत जाते. काही पंख्यांत तर हे भोकच नसते, बैठक सलग ओतलेली असते. किंमत चार पैशांनी कमी व्हावी म्हणून दुरुस्तीची वाटच बुजविण्याची ही रीत आम्हांस आवडत नाही.

टोपी हलविताना स्पष्ट खडखड लागली, तर भोक लांबट झालेले आहे. तेलाने झिजलेला धातू परत येत नाही. काही कारागीर भोकात धागा किंवा कागदाची पट्टी सारून पंखा चालवितात. त्याने आस एका बाजूला रेटला जातो आणि उरलेली बाजू आणखी वेगाने झिजते. अशा वेळी त्याच मापाचा पंखा बदलावा. संगणक बदलण्याचे कारण नाही. आणि आस बाहेर काढावाच लागला तर शेपटाचे प्लास्टिकचे कडे टाचणीच्या टोकाने अलगद सोडवून वाटीत ठेवावे, पुन्हा बसविताना ते खाचेत शिरल्याचा बारीक टक् आवाज ऐकावा, आणि मगच स्टिकर लावावे.