शेतकरी स्त्रीची न बोललेली दुखणी

गाईचे मायांग बाहेर आले, तर शेतकरी अपरात्रीही पशुवैद्याकडे धाव घेतो. गाय केव्हा व्याली, वार केव्हा पडली, हे सर्व तो चारचौघांत निःसंकोचपणे सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्यावाचून उपचार होणार कसा? परंतु त्याच घरातील स्त्रीच्या अंगावरून पांढरे जात असेल, पाळी महिन्यातून दोनदा येत असेल किंवा तिचेही अंग बाहेर येत असेल, तर ते घरात कोणाच्या कानीही जात नाही.

पूर्व विदर्भातील एका गावी धानाच्या रोवणीच्या प्रात्यक्षिकास प्रस्तुत लेखक गेला होता. साठीच्या घरातील एक आजी बांधावर उभीच राहिली. बसावयास सांगितले तरी बसेना. आशाताईंनी तिला बाजूस नेऊन विचारले, तेव्हा कळले की, शेवटच्या बाळंतपणापासून, म्हणजे सुमारे तीस वर्षे, तिचे अंग बाहेर येत होते. कापडाची घडी बांधून ती दरसाल चिखलात वाकून रोवणी करीत आली होती. तिच्या मुलाने त्याच वर्षी म्हशीसाठी दोनदा डॉक्टर आणला होता. मुलगा निर्दय नव्हता. त्याला ठाऊकच नव्हते. पुढे रुग्णालयात तिला आतून आधार देणारी रिंग बसविण्यात आली. तिच्या संमतीनेच ही हकीकत येथे दिली आहे.

ही एकट्या आजीची गोष्ट नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार आढळला. मात्र पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ ८ होत्या. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, शंभरांतील ४५ जणींनी आपणांस काहीच त्रास नसल्याचे सांगितले होते. जे सर्वांनाच होते ते दुखणे नव्हे, बाईच्या जातीला लागलेलेच आहे, अशी समजूत असली म्हणजे तक्रार उमटत नाही.

म्हणून ग्रामकार्यकर्त्याने प्रथम गावचे शब्द शिकावेत. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’, ‘अंगावर जाते’, ‘ओटीपोट भरून येते’ ही बायकांची आपली भाषा आहे. ‘अंगात त्राण नाही’ असे स्त्री म्हणते तेव्हा तिला आळशी ठरवू नये. पाळीत रक्त फार जाते काय, हे आरोग्यसेविकेने विचारावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते म्हणून पुष्कळजणी ती टाकून देतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये.

मुलीला पाळी येण्यापूर्वीच आईने तिची कल्पना द्यावी. पहिला डाग पाहून पोर घाबरली, तर पुढे ती काहीच सांगणार नाही. थोडे पांढरे जाणे स्वाभाविक असते. दुर्गंधी, खाज किंवा रंगात बदल असल्यास तपासणी हवी, आणि काही विकारांत नवऱ्यासही औषध घ्यावे लागते. (येथे पुरुषमंडळी हटकून गप्प होतात.) पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येणे, झोप मोडणे हे होतच असते, परंतु वर्षभर पाळी बंद राहिल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. तो कर्करोगाचाही इशारा असू शकतो.

न बोलण्याची किंमत बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांनी दिली आहे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही. एक खाडा झाला की मुकादम दंड कापतो. अशा स्थितीत दुखणे अंगावर काढावयाचे आणि असह्य झाले की एकदम पिशवी काढावयाची, असा मार्ग पडला. आरंभी साध्या औषधाने बरे होणारे विकारही त्यात पुष्कळ असतात. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होऊ लागतात. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास सरकारी रुग्णालयात दुसरे मत अवश्य घ्यावे.

पुरुष कार्यकर्त्याने स्त्रीस हे प्रश्न स्वतः विचारू नयेत. ग्रामसभेपूर्वी होणारी महिला सभा, बचतगटाची बैठक, स्त्रियांची शेतीशाळा यांत अर्धा तास आरोग्यसेविकेस द्यावा व त्या वेळी आपण बाहेर जावे. पुरुषांशी बोलण्याचे काम मात्र त्याचेच आहे, आणि त्यास गोठ्यासारखी दुसरी जागा नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी होते हे विचारून तो वार पंचायतीच्या फळ्यावर, लसीकरणाच्या तारखेशेजारीच, ठळक लिहावा.