‘आम्हाला कशाला हवी एचआयव्हीची चाचणी?’

ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारात आरोग्य शिबिर लागलं की रक्तदाब आणि शुगर तपासायला रांग लागते. दोन पावलांवर एचआयव्ही चाचणीचं टेबल असतं. तिथे समुपदेशक ताई बसलेल्या असतात आणि लोक मान वळवून पुढे जातात. कुणी थांबलंच तर म्हणतं, ‘आम्हाला कशाला? आम्ही तसल्या ठिकाणी जात नाही.’ ट्रक टर्मिनलवर, कॉलेजात, बचत गटाच्या बैठकीत, सोसायटीच्या सभागृहात हेच वाक्य ऐकू येतं. एचआयव्हीविषयीच्या सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वात घातक वाटतो, कारण त्यापायी माणूस चाचणीपर्यंत पोचतच नाही.

डासांचा आणि ताट-वाटीचा प्रश्न आधी मिटवू. डास चावताना आपल्या अंगात स्वतःची लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. शिवाय हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने, खोकल्या-शिंकल्याने एचआयव्ही होत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधांतून, बाधित रक्तातून, एकाने वापरलेली सुई दुसऱ्याला टोचल्याने, आणि आईकडून बाळाला. पाचवा मार्ग नाही.

आता ‘तसल्या ठिकाणा’कडे वळू. भारतात पहिली बाधा १९८६ साली चेन्नईत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीतून उघड झाली आणि समाजाने बोट तिकडे दाखवलं ते आजतागायत. पण या वस्त्यांनी पुढे काय केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९२ पासून देहविक्री करणाऱ्या बायकाच एकमेकींना माहिती देऊ लागल्या, निरोध वाटू लागल्या, निरोधाशिवाय येणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकल्या. त्यातूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. मुंबईत १९९४ पासून ‘हमसफर ट्रस्ट’ने समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात तसंच काम उभं केलं. बाहेरून भाषण देणाऱ्या डॉक्टरपेक्षा आपल्याच गल्लीतली ताई सांगते ते पटतं, हे तिथे सिद्ध झालं. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातल्या ‘पीअर एज्युकेटर’चं कामही याच तत्त्वावर चालतं.

या सगळ्यात बाहेर राहिली ती घरातली बाई. लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्यापुढे निरोधाचा विषय काढणं आजही जड जातं. तिला धोका आहे असं तिला स्वतःला वाटत नाही, आणि घरच्यांना तर मुळीच नाही. मग गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत तिची चाचणी होते आणि निदान तिचं आधी होतं. नवऱ्याने चाचणीच केलेली नसते, म्हणून तो ‘चांगला’ ठरतो आणि ‘हिनेच आणलं’ असा शिक्का तिच्यावर बसतो. निदान आधी झालं म्हणजे बाधा आधी झाली असा त्याचा अर्थ नसतो. एवढी एक गोष्ट सासू-सासऱ्यांना पटवून देण्यात समुपदेशकांचे तासन् तास जातात. म्हणूनच गरोदर स्त्रीबरोबर नवऱ्यानेही चाचणी करावी हा आग्रह धरायलाच हवा.

‘आई बाधित म्हणजे मूलही बाधित’ हेही खरं नाही. काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला बाधा होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेत औषधं सुरू केली आणि बाळालाही प्रतिबंधक औषध दिलं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात आणि तो कागद प्रयोगशाळेत जातो. बाळाची शेवटची खात्रीची चाचणी अठराव्या महिन्याला होते. मधला काळ आईसाठी कठीण असतो. त्या काळात तिला टोमण्यांची नाही, सोबतीची गरज असते.

चाचणीची भीती बरीचशी ती न पाहिल्यामुळे वाटते. शिबिरात बोटाच्या टोकाला बारीकशी सुई टोचतात. एक थेंब प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीवर सोडतात, वर द्रावणाचे थेंब टाकतात आणि काही मिनिटं थांबतात. एकच रेघ उमटली तर पट्टी नीट चालली आणि निकाल निगेटिव्ह आहे. आणखी रेघ उमटली तर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. पण रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे निदान नव्हे. त्या व्यक्तीला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवतात. तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्यांनी पडताळणी होते आणि मगच काय ते सांगितलं जातं. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन होतं. एक पैसाही लागत नाही. काही शिबिरांत शुगर आणि एचआयव्ही एकाच टेबलावर तपासतात, म्हणजे कोण कशासाठी बसलंय हे बघणाऱ्याला कळत नाही. ही साधी युक्ती प्रत्येक शिबिराने उचलावी.

निगेटिव्ह निकालाबद्दलही एक गैरसमज आहे. परवा धोका पत्करला आणि आज चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो असं होत नाही. नेहमीची चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या असं सांगतात, आणि जायलाच हवं. धोका नुकताच घडला असेल तर थांबू नये. ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. जितका उशीर, तितका त्यांचा उपयोग कमी.

‘गावभर होईल’ ही भीती मात्र पोकळ नाही. लोकांची नावं फुटली आहेत, माणसं घराबाहेर काढली गेली आहेत. त्यासाठीच २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. न्यायालयाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले, तर तुमची स्थिती तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. एचआयव्ही आहे या कारणावरून नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर नाकारता येत नाही. नोकरीसाठी अट म्हणून चाचणी मागणं बेकायदा आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. शिबिरात माहिती देणाऱ्यांनी रोगाइतकाच हा कायदाही सांगितला पाहिजे.

आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर? ‘मग संपलंच’ हा समज नव्वदच्या दशकातून आला आहे. तेव्हा ते बहुतांशी खरंही होतं. १ एप्रिल २००४ पासून भारतात एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आधी प्रतिकारशक्ती घसरेपर्यंत वाट पाहावी लागे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. वेळेत सुरुवात करून ती नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

त्याहून मोठी गोष्ट अजून गावागावांत पोचलेली नाही. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू इतका कमी झाला की तपासणीत सापडत नाही, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात युरोपातल्या ८८८ जोडप्यांचा पाठपुरावा झाला. त्यांच्यात निरोधाविना सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही बाधा झाली नाही. पण गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा कुणा जडीबुटीवाल्याने मुळापासून बरं करण्याची हमी दिली म्हणून गोळी सोडणारे पुढे टीबी घेऊन परत येतात.

‘तो आजार आता राहिलाय कुठे?’ असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच: देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांतल्या काहींना ते बाधित आहेत हे अजून ठाऊकच नाही. आयुष्यात एकदाही चाचणी केली नसेल, तर या महिन्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन करा, जोडीदारालाही सोबत न्या. कुठे जायचं हे ठाऊक नसेल किंवा आधी कुणाशी बोलायचं असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. बोलण्यासाठी तिथे नाव सांगावं लागत नाही.