चिपला कुलूप, तरी अपडेट सुरू. हे जमतं कसं?

उपकरण उघडायचं, चिपला प्रोग्रामर जोडायचा, फर्मवेअर उतरवून हुबेहूब नक्कल विकायची. हे रोखायला एसटीएम३२ चिपमध्ये आरडीपी नावाचं कुलूप असतं. लेव्हल १ वर बाहेरून फ्लॅश वाचता येत नाही. कुलूप काढलं तर प्रोग्रामच पुसला जातो. लेव्हल २ वर डीबग पोर्टच बंद, बहुतेक चिपमध्ये कायमचा.

मग अपडेट? ते आतला बूटलोडर करतो: एन्क्रिप्ट केलेली फाइल घेतो, डिजिटल सही तपासतो, मगच लिहितो. लेव्हल २ नंतर तोच बिघडला, तर चिप बदलण्यावाचून इलाज नाही!

कुलूप अभेद्यही नाही. २०२० मध्ये क्रॅकेनच्या सुरक्षा पथकाने ट्रेझर वॉलेटमधल्या एसटीएम३२ ला व्होल्टेजचे झटके देऊन गुपित बाहेर काढलं. उपकरण जेमतेम १५ मिनिटं हाती असलं तरी पुरे. यावर उपाय पासफ्रेजचा, कारण ती चिपमध्ये साठवलीच जात नाही.