अमेरिकेची रांग आणि आपल्या घरातले कागद

दोन वर्षांपूर्वी अजनीकडचे एक कुटुंब माझ्याकडे आले. आई ऐंशीच्या घरात, मुलगी पंचावन्नची, जावई, आणि त्यांची दोन मुले. थोरला मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, धाकटी मुलगी चोवीसच्या आतली. मुलीच्या भावाने, म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या थोरल्या भावाने, २००६ च्या जानेवारीत बहिणीसाठी अर्ज केला होता. २०२४ मध्ये क्रमांक लागला. अठरा वर्षे! अर्ज केला तेव्हा तिचा मुलगा चौथीत होता.

जयभीम झाल्यावर जावयांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. पिशवीत काय होते ते सांगण्याआधी ही रांग काय प्रकार आहे ते सांगितले पाहिजे. कारण आपल्या बहुतेक घरांत ‘मुलगा अमेरिकेत आहे, तो सगळ्यांना बोलावून घेईल’ एवढ्या एका वाक्यावर आयुष्याचे बेत आखले जातात.

अमेरिकेचा कायदा नातलगांचे दोन भाग करतो. नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील हे पहिल्या भागात येतात. त्यांना संख्येची मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. आईवडिलांसाठी अर्ज करणारा नागरिक मात्र किमान एकवीस वर्षांचा लागतो. बाकीचे सारे दुसऱ्या भागात. मोठी झालेली मुले, लग्न झालेली मुले, भाऊ-बहिणी. शेवटच्या गटाला एफ-४ म्हणतात. त्याच्या वाट्याला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५ हजार जागा आहेत आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. भारतासारख्या देशाची रांग त्यामुळेच दोन दशकांच्या आसपास गेली आहे. ज्याच्याकडे फक्त ग्रीन कार्ड आहे, त्याला आईवडिलांसाठी, भावंडांसाठी किंवा लग्न झालेल्या मुलांसाठी अर्जच करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे ‘पोरगा लक्षच देत नाही’ म्हणून अबोला धरलेले वडील मी पाहिले आहेत.

हा दरवाजा उघडला कसा, हेही आपल्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या शीख गृहस्थाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्या काळी नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला मिळे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा की, आम्ही उच्च जातीचे हिंदू, आर्य रक्ताचे, आणि जातीच्या कडक बंधनांमुळे आमचे रक्त मिसळलेले नाही. इथल्या आदिवासींकडे आम्ही विवाहाच्या बाबतीत तसेच पाहतो जसे तुम्ही निग्रोंकडे पाहता, असेही त्यात होते. न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. जात पुढे करून दार उघडले नाही. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा ठरला आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. खरा बदल झाला तो १९६५ च्या कायद्याने. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने १९६४ चा कायदा पदरात पाडून घेतला होता. त्याच वातावरणात वंशावर आधारलेला कोटा रद्द झाला आणि कुटुंब एकत्र आणणे हे धोरण बनले. आज न्यू जर्सीत राहून तिथल्या काळ्या माणसाबद्दल नाक मुरडणारे आपलेही काही बांधव आहेत, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

आता पिशवीकडे येऊ.

भावाचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जन्मतारीख १ जून १९६९. बहिणीचा महापालिकेचा जन्मदाखला निघाला. जन्मतारीख १२ डिसेंबर १९६९. एका आईची दोन मुले, अंतर साडेसहा महिन्यांचे! व्हिसा अधिकाऱ्याने हे पाहिले तर तो काय म्हणेल? ही सख्खी बहीण नाहीच, असे म्हणायला त्याला वकिलाची गरज नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या त्या पिढीतल्या माणसाला हे कोडे पडणार नाही. मुलगा शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लावून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून हिशेबाला सोपे. आपल्या वस्त्यांत अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. हा मुलगा खेड्यात जन्मला, १९६८ च्या पावसाळ्यात. पुढे वडील रेल्वेत खलाशी म्हणून लागले, कुटुंब नागपूरला आले आणि मुलगी दवाखान्यात जन्मली, म्हणून तिची नोंद खरी. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून अंमलात आला. त्याआधीचा सारा कारभार कोतवालाच्या वहीवर. आणि गंमत बघा, या मुलांचे आजोबाच गावचे कोतवाल! साऱ्या गावाचे जन्म-मृत्यू त्यांनी सांगायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे. कोतवाल बुकाची नक्कल मागवली. १९६८ ची पाने वाळवीने खाल्लेली होती.

याआधी ते शहरातल्या एका एजंटाकडे जाऊन आले होते. ‘पंधरा हजारात भावाचा नवा जन्मदाखला आणून देतो, तारीख हवी ती टाकू’ असे त्याने सांगितले. मी त्यांना हात जोडून सांगितले, हे करू नका. खोटा कागद देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या कायद्यात कायमच्या बंदीला कारण ठरू शकतो. भावाच्या नागरिकत्वाच्या कागदावर १ जून १९६९ हीच तारीख आहे. ती बदलणे जवळपास अशक्य. मग चुकीची तारीख लपवायची नाही, चूक कशी झाली ते सांगायचे आणि नाते दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करायचे.

महापालिकेकडून आणि ग्रामपंचायतीकडून भावाच्या जन्माची नोंद आढळत नसल्याचा दाखला घेतला. त्याच्या जोडीला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, वडिलांच्या रेल्वेच्या कागदांतील कुटुंबाची यादी, आणि जन्माच्या वेळी वयाने मोठ्या असलेल्या दोन नातलगांची प्रतिज्ञापत्रे. रेल्वेची यादी मोलाची ठरली, कारण ती कुणाच्याही व्हिसाचा विषय नसताना केलेली होती. जुना कागद, ज्यावर स्वार्थाची सावली नाही, तोच खरा पुरावा. तरीही डीएनए चाचणीची सूचना आलीच. भावा-बहिणीची थेट चाचणी तेवढी निर्णायक नसते, आई हयात असेल तर तिच्याशी दोघांची जुळवणी करतात. नमुना ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच घेतला जातो, बाहेरच्या लॅबचा अहवाल चालत नाही. म्हातारी मला म्हणाली, “माही लेकरं माहीच हायेत, हे सांगाले कापसाची काडी लागते का जी वकीलसाहेब?” मला उत्तर सुचले नाही.

दुसरी अडचण लग्नाची. १९९४ मध्ये बुद्धविहारात, बौद्ध पद्धतीने लग्न झाले. बौद्धाचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र होते, फोटो होते, पत्रिका होती. पण सरकारी नोंद नव्हती. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे, हे अनेकांना आवडत नाही, मलाही आवडत नाही. पण आजचा कायदा तो आहे. विहाराचे प्रमाणपत्र आपल्या दृष्टीने पवित्र असले तरी परदेशी वकिलातीला विवाह निबंधकाचा दाखला लागतो. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली जुन्या लग्नाचीही उशिरा नोंद करता येते. आम्ही ती केली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सर्व विवाहांची नोंद सक्तीची करा असे राज्यांना सांगितले आहे, तरी आपल्या विहारांत आजही लग्न लागते, जेवणे होतात आणि कागद राहून जातो.

मग नावे. आईचे नाव मुलाच्या दाखल्यावर एक, रेल्वेच्या पेन्शनच्या कागदावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. आडनाव गावावरून पडलेले, ते बदलून घेतलेले. वडिलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, मुलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. धर्माच्या रकान्याला व्हिसा अधिकारी घाबरत नाही, तो नावाला आणि तारखेला अडतो. नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी जपून ठेवा. बदलले नसून लिहिण्यात फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करा.

आणि तिसरी अडचण आली ती खुद्द भावाकडून. हा भाऊ २०१९ पासून पुण्यात राहतो! आईजवळ राहता यावे म्हणून कंपनीची इथली नोकरी घेतली. आता नातलगाला बोलावणाऱ्याला आय-८६४ नावाचे हमीपत्र द्यावे लागते. घरातली सारी माणसे धरून तिथल्या दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते आणि त्याचे वास्तव्य अमेरिकेत असावे लागते. परदेशात राहणाऱ्या नागरिकाने तिथे पुन्हा बिऱ्हाड करण्याचा खरा इरादा दाखवला तरी चालते. बँक खाते, घराचा करार, मुलांची शाळा, नोकरीचे पत्र. ‘मी परत जाईन हो’ एवढे तोंडी पुरत नाही. उत्पन्न कमी पडले तर तिथला दुसरा हमीदार चालतो, पण वास्तव्याची अट मूळ अर्जदाराला चुकत नाही.

त्यांना विचारले, तिथले कर-विवरण भरता का? तर म्हणाले, “पगार इथे, कर इथे भरतो. तिथे कशाला?” हीच चूक. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही कमावो, त्याला दरवर्षी तिथे विवरण भरावे लागते. परदेशी कमाईवर सूट असल्यामुळे बहुतेकांना कर लागत नाही, पण विवरण चुकत नाही. शिवाय परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. अजाणतेपणी राहिले असेल तर मागील तीन वर्षांची विवरणे आणि सहा वर्षांची खात्यांची माहिती देऊन सुधारण्याची सोय आहे. ती केली, मगच हमीपत्र पुढे सरकले. हमीपत्र म्हणजे औपचारिकता नव्हे, हेही सांगतो. बोलावलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ही जबाबदारी राहते. पत्नीसाठी दिलेली हमी घटस्फोटानेही सुटत नाही.

आईला त्यांनी २००९ मध्येच नेले होते. ग्रीन कार्डही मिळाले होते. थंडी, दिवसभर बंद दार, भाषा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरला आली आणि चौदा महिने राहिली. वर्षाच्या वर बाहेर राहिले की कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. जास्त काळ जायचे असेल तर परतीचा परवाना अमेरिकेत असतानाच मागावा लागतो, तो सहसा दोन वर्षांचा मिळतो. हे त्यांना कुणी सांगितले नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना नेणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. पासष्टीच्या पुढच्या माणसाला तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात पैसे भरून शिरायचे तरी आधी कार्डावर सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवरचा दवाखाना मुलाच्या खिशातून. आणि इथली फॅमिली पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो, तो तिथल्या भारतीय वकिलातीतूनही मिळतो.

परदेशी नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व त्याच क्षणी जाते. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड हा आजन्म व्हिसा आहे, मताचा अधिकार त्यात नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. साताऱ्याकडच्या माझ्या एका पक्षकाराचा महार वतनाच्या जमिनीत हिस्सा आहे. १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि जमीन नव्या शर्तीवर परत मिळाली, तिच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. चुलतभावाने ‘तू तर अमेरिकेत’ म्हणत परस्पर इसार घेतला. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे तर वकिलातीतून किंवा अपोस्टिल करून पाठवा, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा. आणि सरसकट सगळे अधिकार कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. जे अजून भारताचेच नागरिक आहेत त्यांनी मतदार यादीत नमुना ६-अ भरून नाव घालावे. मात्र मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते.

आता त्या दोन मुलांचे. आईच्या क्रमांकावर मुले जाऊ शकतात, पण एकवीसच्या आतली आणि अविवाहित. २००२ च्या एका कायद्याने थोडा दिलासा दिला. अर्ज सरकारकडे जितका काळ निर्णयाविना पडून होता, तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. हा अर्ज २०१० मध्ये मंजूर झाला, म्हणजे चार वर्षे वजा. धाकटी या हिशेबाने एकवीसच्या आत बसली. क्रमांक लागल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचे पाऊल टाकायचे असते, तेही वेळेत टाकले. थोरल्याच्या अठ्ठावीसमधून चार गेले तरी चोवीस उरतात. मुंबईच्या मुलाखतीला तिघे गेले, चौथा इथेच राहिला.

आईने तिथे जाऊन त्याच्यासाठी अर्ज करायचे ठरवले. मी त्याला नीट समजावले. आई कार्डधारक असेपर्यंत तुला अविवाहित राहावे लागेल. त्या रांगेलाही कित्येक वर्षे लागतात, आणि मध्येच लग्न केलेस तर आईचा अर्ज आपोआप रद्द होईल. आई नागरिक झाल्यावर लग्न केलेस तर गट बदलेल, रांग आणखी लांबेल. त्याने विचारले, “सर, आणि मी गेलोच नाही तर?” मी म्हणालो, तर काहीच भरायचे नाही.

मे महिन्यात त्याचे लग्न विहारात झाले. पुढच्याच सोमवारी नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि मी महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या खिडकीसमोर उभे होतो. नवरीच्या नावाचे स्पेलिंग मी तिच्या दहावीच्या सनदेशी दोनदा ताडून पाहिले.