मुक्कामातील शेजारधर्म

पाठपरिचय

माणूस वर्षभर आपल्या घरातच राहतो असे नाही. यात्रा, शिबिर, गिरिभ्रमण, लग्नकार्य, हंगामी काम अशा कारणांनी त्याला काही दिवस तंबूत, राहुटीत, कोपीत किंवा धर्मशाळेत राहावे लागते. तेथे भिंती नसतात, कुंपण नसते आणि शेजारी आपण निवडलेला नसतो. अशा तात्पुरत्या वस्तीत स्वतःची आणि दुसऱ्याची जागा कशी सांभाळावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

गार्डन रीच येथील मुक्काम

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येला, हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच नावाचा भाग आहे. आज तेथे जहाजे बांधण्याचा मोठा कारखाना आणि दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली कोलकात्यास आला आणि याच परिसरातील मटियाबुर्ज येथे राहू लागला. इंग्रज सरकारकडे दाद मागून आपण परत लखनौला जाऊ, अशी त्याची आशा होती. ती फळास आली नाही. १८८७ साली तेथेच त्याचा मृत्यू झाला.

परंतु या नदीकाठाला आणखी एक इतिहास आहे आणि तो सामान्य माणसांचा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, त्रिनिदाद, सुरीनाम, फिजी इत्यादी दूरच्या वसाहतींतील उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर नेले जात. करारास इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि करार करणारा तो ‘गिरमिटिया’ ठरला. कोलकाता बंदरातून जाणाऱ्या अशा मजुरांना जहाज सुटेपर्यंत गार्डन रीच परिसरातील डेपोंमध्ये ठेवले जाई. नोंदणी होई, वैद्यकीय तपासणी होई आणि मग वाट पाहणे सुरू होई. बिहारमधील शेतमजूर, अवधमधील शेतकरी, एकटी निघालेली विधवा, निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एकाच आवारात, एकाच छपराखाली येऊन पडत. कोणाला कोणाची ओळख नसे.

पुढे जहाजावर तर जागेची टंचाई अधिकच जाणवे. तोताराम सनाढ्य १८९३ साली कोलकात्याहून फिजीस गेले. त्यांचे अनुभव १९१४ साली हिंदी पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. जहाजावर प्रत्येकास दीड फूट रुंद व सहा फूट लांब एवढीच जागा मिळाली होती, असे त्यांनी नमूद केले आहे. आपण जमिनीवर दीड फूट रुंदीचा पट्टा आखून त्यात झोपून पाहावे. कूस बदलली तरी हात शेजाऱ्याला लागतो. फिजीस गेलेले ‘लिओनिदास’ हे पहिले जहाज ३ मार्च १८७९ रोजी कोलकात्याहून निघाले आणि १४ मे रोजी तेथे पोहोचले. म्हणजे अशा दाटीत दहा आठवडे काढायचे होते. वाटेत पटकी आणि देवीची साथ येऊन त्या जहाजावर कित्येकांचा मृत्यू झाला.

या माणसांनी मग काय केले? त्यांनी एक नवे नाते निर्माण केले. एकाच जहाजातून गेलेले लोक परस्परांना ‘जहाजी भाई’ आणि ‘जहाजी बहीण’ म्हणू लागले. हे नाते परदेशी उतरल्यावरही टिकले. सुखदुःखात जहाजी भाऊ धावून येई. अशा दोन कुटुंबांतील मुलामुलींचे परस्परांशी लग्न करणेही कित्येकांना भावाबहिणीच्या लग्नासारखे अनुचित वाटे. १९१७ साली या पद्धतीने मजूर पाठवणे थांबले. हुगळीच्या काठावरील एका घाटास आजही ‘सुरीनाम घाट’ म्हणतात. तेथे २०१५ साली ‘माई-बाप’ हे स्मारक उभारण्यात आले. गाठोडे घेऊन निघालेल्या स्त्रीपुरुषांचे हे शिल्प सुरीनामच्या पारामारिबो शहरातील १९९४ सालच्या शिल्पाची प्रतिकृती आहे.

त्या माणसांना जागा नाकारली गेली होती. शेजारधर्म मात्र त्यांनी आपल्या हाताने उभा केला. एवढ्यावरून दाटीचे समर्थन होत नाही, हे ध्यानात ठेवावे. माणसाला अंग मोकळे करण्यापुरती तरी जागा मिळाली पाहिजे. ती देणे व्यवस्थेचे कर्तव्य आहे. परंतु जागा पुरेशी असो वा अपुरी, शेजाऱ्याशी कसे वागावे हे आपल्या हातात असते.

प्रत्येकाभोवतीची अदृश्य रेषा

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माणसामाणसांमधील अंतराचा अभ्यास मांडला. त्याच्या निरीक्षणानुसार सुमारे दीड फुटाच्या आत आपण फक्त अगदी जवळच्या माणसांना येऊ देतो. दीड ते चार फूट हे स्नेह्यांशी बोलण्याचे अंतर असते. चार ते बारा फूट हे कामकाजाचे आणि त्यापलीकडचे सार्वजनिक अंतर होय. ही मापे त्याने अमेरिकेतील लोकांवरून काढली होती. देशोदेशी ती बदलतात, हेही त्याने सांगितले आहे.

आपल्याकडे एसटीच्या गर्दीत दीड फुटाची रेषा पाळता येत नाही. म्हणून आपल्याला खासगीपणाची गरज नसते असे मात्र नव्हे. आपण ती निराळ्या मार्गाने भागवतो. दारातून हाक मारून आत येणे, कोणी जेवत असेल तर तिकडे टक लावून न पाहणे, बायका न्हाणीकडे गेल्या की पुरुषांनी वाट बदलणे, या साऱ्या न आखलेल्या भिंतीच आहेत. तंबूच्या वस्तीत कापडाची भिंत आवाज अडवत नाही, उजेडही पुरता अडवत नाही. तेथे ही उणीव माणसांच्या वागण्यानेच भरून काढावी लागते.

पालखीतळाची शिस्त

महाराष्ट्रात तात्पुरत्या वस्तीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंढरीची वारी. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. वाटेत सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, वाखरी इत्यादी ठिकाणी तळ पडतात. दुपारपर्यंत मोकळे असलेले माळरान संध्याकाळी राहुट्यांनी भरून जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिकामे होते.

एवढा समुदाय रोज नवे गाव वसवतो आणि रोज मोडतो. हे कसे साधते? एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी या सोहळ्यास शिस्तबद्ध रूप दिले. वारकरी दिंड्यांमध्ये विभागलेले असतात. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे ‘ही जागा माझी की तुझी’ हा वादाचा पहिला विषय बऱ्याच अंशी आधीच मिटतो.

तळावर पालखी आली की समाजआरती होते. चोपदार हातातील चोप उंच करतात आणि टाळमृदंगांचा गजर क्षणात थांबतो. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीत राहते. सारे शांत असताना एकाच बाजूने टाळ वाजू लागले की चोपदार तेथे जाऊन विचारपूस करतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची माहिती सर्वांना सांगितली जाते. तक्रार दडपली जात नाही, ती भांडणाच्या सुरात मांडलीही जात नाही. सर्वांसमक्ष, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या रीतीने तिची दखल घेतली जाते.

वारकरी परस्परांना ‘माउली’ म्हणतात आणि वय, जात, हुद्दा न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. “माउली, जरा सरकता का?” या वाक्यात विनंती आणि आदर दोन्ही आहेत. गार्डन रीचच्या घाटावरून निघालेला ‘जहाजी भाई’ आणि पालखीतळावरची ‘माउली’ हे शब्द एकाच गरजेतून येतात. अनोळखी माणसाला नात्याचे नाव दिले की त्याच्याशी उद्धट होणे कठीण जाते.

कोपीतला हंगाम

हौसेने तंबूत राहणारे थोडे, पोटासाठी राहणारे पुष्कळ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. बांबू, तट्टे, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभारून चार-सहा महिने तेथे संसार होतो. कोपीला कोपी लागून असते. एकीतले बोलणे दुसरीत ऐकू जाते.

येथे दिवस आणि रात्र सर्वांची एक नसते. कोणी पहाटे अंधारात फडावर निघते, तर कोणी गाडी भरून मध्यरात्री परत येते. म्हणून ‘रात्री दहानंतर शांतता’ हा एकच नियम येथे अपुरा पडतो. शेजारची कोपी केव्हा झोपते हे माहीत असणे, दिवसा झोपलेल्या माणसाच्या दाराशी मोठ्याने गाणी न लावणे, हा येथील शेजारधर्म होय.

स्त्रियांची अडचण याहून गंभीर असते. आडोसा नसेल तर त्यांना अंधार असतानाच आंघोळ उरकावी लागते. चार तट्टे लावून सामाईक न्हाणी उभारणे हे सर्वांच्या प्रतिष्ठेचे काम आहे. ते वस्तीतील पुरुषांनी पहिल्याच दिवशी करावे. स्वच्छतागृहे व पाणी पुरवण्याची मागणी मुकादमाकडे व कारखान्याकडे सर्वांनी मिळून करावी. शेजारी एकत्र आले की मागणीला बळ येते.

पाळावयाच्या काही गोष्टी

वारीचा तळ असो, किल्ल्याच्या पायथ्याचे शिबिर असो वा कोप्यांची वस्ती, पुढील गोष्टी सर्वत्र उपयोगी पडतात.

१. अंतर : मोकळी जागा असता कोणाच्या अगदी कडेला तंबू ठोकू नये. जागा थोडी असेल तर आधी आलेल्यास विचारावे. तंबूचे ताणलेले दोर दुसऱ्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत. अंधारात त्यांना अडखळून माणूस पडतो. दोरांना पांढरी चिंधी बांधावी.

२. वाट : दोन तंबूंमधून जाण्याऐवजी कडेची वाट धरावी. दुसऱ्याच्या तंबूचा पडदा हाक मारल्याशिवाय आणि उत्तर आल्याशिवाय उचलू नये.

३. आवाज : ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास सामान्यतः मनाई आहे. परंतु भ्रमणध्वनीवरील मोठ्या आवाजातील बोलणेही कापडाच्या भिंतीतून आरपार जाते.

४. उजेड : विजेरीचा झोत जमिनीवर ठेवावा, कोणाच्या तोंडावर नव्हे. भंडारदरा परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यास लोक गर्दी करतात. काजवे प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधतात. आपल्या झगमगाटाने त्यांच्या खुणा झाकोळतात. शेजारी केवळ माणसेच असतात असे नाही.

५. चूल आणि धूर : वाऱ्याची दिशा पाहून चूल मांडावी. निघताना विस्तव पाण्याने पूर्ण विझवावा.

६. पाणी आणि घाण : पाण्याच्या जागेपासून दूर अंतरावर शौचास जावे. भांडी व कपडे प्रवाहात धुऊ नयेत. खालच्या अंगाला कोणीतरी तेच पाणी पीत असते.

७. छायाचित्रे : दुसऱ्याचे, विशेषतः स्त्रिया व मुले यांचे, छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

८. तक्रार : त्रास होत असल्यास प्रथम स्वतः जाऊन सौम्यपणे सांगावे. “अहो दादा, लहान मूल झोपलंय, आवाज थोडा कमी कराल का?” एवढ्याने बहुधा काम होते. न झाल्यास मुक्कामाच्या प्रमुखाकडे जावे. आपल्याविषयी कोणी तक्रार केली तर ती अपमान समजू नये.

समारोप

मुक्काम हलतो, खुंट्या उपटल्या जातात, चुलीची राख तेवढी मागे राहते. आपण शेजाऱ्याशी कसे वागलो याची आठवण मात्र दोघेही बरोबर नेतात. गार्डन रीचच्या घाटावरून दीड फुटाची जागा घेऊन निघालेल्या माणसांनी ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली. आपल्या वाट्याला आज त्याहून मोठी जागा आली असेल, तर मन त्यांच्याहून लहान असू नये.

शब्दार्थ

राहुटी – लहान तंबू. कोपी – तट्टे व पाचट यांची तात्पुरती झोपडी. चोप – चोपदाराच्या हातातील मानाची काठी. पटकी – कॉलरा हा रोग. देवी – पूर्वी जीवघेणा ठरणारा एक साथीचा रोग. गिरमिटिया – करार करून परदेशी गेलेला मजूर. फड – ऊसतोड चालू असलेले शेत. मुकादम – मजुरांच्या टोळीचा प्रमुख.

स्वाध्याय

१. ‘जहाजी भाई’ हे नाते कसे निर्माण झाले, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. समाजआरतीच्या वेळी दिंडीच्या तक्रारीची दखल कशी घेतली जाते?

३. कोप्यांच्या वस्तीत ‘रात्री दहानंतर शांतता’ हा नियम अपुरा का पडतो?

४. ‘जागा देणे व्यवस्थेचे कर्तव्य आहे आणि शेजारधर्म पाळणे आपल्या हातात आहे.’ या विचाराविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. यात्रा, शिबिर किंवा कामानिमित्त तुम्ही घराबाहेर मुक्काम केला असल्यास तेथील शेजाऱ्याविषयी एक आठवण लिहा.