हाडांची साक्ष

गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी बैलाचे वय केवळ त्याच्या मालकाच्या शब्दावरून ठरवीत नाही. तो बैलाचे तोंड उघडतो आणि पुढचे दात पाहतो. दुधाचे दात अद्याप पडले नसतील तर तो बैल ‘आदत’. पक्के दात जोडीजोडीने येऊ लागले की तो अनुक्रमे ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘सहादाती’ होतो आणि आठही दात आले म्हणजे ‘जुळला’. मुका बैल बोलत नाही. परंतु त्याचे दात बोलतात. हीच विद्या अधिक बारकाईने वापरून शास्त्रज्ञ हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या प्राण्यांची ओळख पटवितात.

धाराशिव जिल्ह्याच्या भूमीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेला तप्त रस थिजून तो बनला. अशा खडकात मोठ्या प्राण्यांची हाडे सापडण्याची आशा फारशी नसते. परंतु नद्यांच्या काठचा प्रकार निराळा आहे. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा नदी कळंब तालुक्याच्या सीमेवरून वाहत पुढे लातूरकडे जाते. तिने युगानुयुगे गाळ, वाळू आणि गोटे आणून थरांवर थर रचले आहेत. एखादे जनावर मेले आणि त्याचे कलेवर पुराच्या गाळात चटकन गाडले गेले, तर त्याचे मांस कुजून जाते. पण हाडे व दात उरतात. पाण्यात विरघळलेली खनिजद्रव्ये हळूहळू त्यांत भरतात आणि हाड दगडासारखे जड व कठीण होते. अशा अवशेषांस ‘जीवाश्म’ म्हणतात. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील जोशी, राजगुरू, बादाम प्रभृती संशोधकांनी मांजरेच्या खोऱ्याचा अभ्यास करून तो १९८१ साली प्रसिद्ध केला. पुढे लातूर जिल्ह्यातील हरवाडी येथे हत्तीचे जीवाश्मही मिळाले.

हाड सापडले म्हणजे पहिला प्रश्न येतो, हे शरीराच्या कोणत्या भागाचे? दुसरा प्रश्न, हे कोणाचे? याचे उत्तर तुलनेने मिळते. शास्त्रज्ञांच्या संग्रही आजच्या प्राण्यांचे सांगाडे जपून ठेवलेले असतात. नवे हाड त्यांच्याशेजारी ठेवून ते प्रत्येक कंगोरा ताडून पाहतात. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. म्हणून त्याच्या पायाच्या नळीच्या खालच्या टोकाला दोन उंचवटे असतात. घोड्याचा खूर एकसंध असल्यामुळे तेथे जोड दिसत नाही. अशा रीतीने मोडक्या नळीचा एक तुकडाही गाय आणि घोडा यांतील भेद सांगून जातो.

सर्वांत बोलका अवशेष म्हणजे दाढ. ती हाडाहून कठीण असल्यामुळे अधिक काळ टिकते; शिवाय प्राणी काय खात होता हेही तिच्यावरून कळते. हत्तीची दाढ अनेक उभ्या पातळ तकटांची बनलेली असते. ती झिजली म्हणजे तिच्या माथ्यावर आडव्या रेषा उमटतात. आजच्या भारतीय हत्तीच्या दाढेवर या रेषा जवळजवळ समांतर असतात, तर आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर त्या मध्यभागी फुगून शंकरपाळ्यासारखे आकार बनतात. स्टेगोडॉन नावाच्या नष्ट झालेल्या प्राण्याच्या दाढेवर मात्र घराच्या उतरत्या छपरासारखे बुटके उंचवटे असत.

फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १७९६ साली पॅरिस येथे भारतीय हत्ती, आफ्रिकी हत्ती आणि भूमीत सापडणारा मॅमथ यांच्या दाढा व जबडे ताडून पाहिले. हे तीन निरनिराळे प्राणी असून त्यांतील मॅमथ जगातून नाहीसा झाला आहे, असे त्याने दाखवून दिले. प्राण्यांची एखादी जात समूळ नष्ट होऊ शकते, ही गोष्ट तोपर्यंत पुष्कळांना पटत नव्हती.

ओळख पटली की प्राण्याला वर्गीकरणात जागा मिळते. पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव आणि घर अशी क्रमाने लहान होत जाणारी स्थाने असतात. तसेच येथे वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती असतात. हत्ती सस्तन वर्गातील, सोंडवाल्या प्राण्यांच्या गणातील होय. नर्मदेच्या खोऱ्यातील एका प्राचीन हत्तीस फाल्कनर व कॉटली यांनी १८४६ साली ‘एलिफस नमाडिकस’ हे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द नर्मदेवरून घेतलेला आहे. मांजरा ज्या गोदावरीस मिळते, तिच्या काठी नांदूर मधमेश्वर येथे सापडलेल्या याच प्रकारच्या हत्तीच्या कवटीचे वर्णन पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ साली प्रसिद्ध केले. पुढे अधिक तुलना झाल्यावर या हत्तीची प्रजाती निराळी मानण्यात आली आणि आज त्यास ‘पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस’ म्हणतात. नवा पुरावा मिळताच जुने मत दुरुस्त करणे, यात शास्त्राची हार नाही. तेच शास्त्राचे बळ आहे.

परंतु केवळ हाड हाती येऊन भागत नाही. ते कोणत्या थरात, किती खोल, कोणत्या दगडी हत्यारांच्या किंवा अन्य अस्थींच्या सोबत पडले होते, यावरून त्याचा काळ आणि त्या काळचे रान उलगडते. कुतूहलाने कोणी ते उपटून घरी आणले, तर त्याची निम्मी कथा तेथेच पुसली जाते. म्हणून काठ ढासळून किंवा वाळू उपसताना एखादे जड, दगडासारखे हाड दृष्टीस पडले, तर त्यास हात न लावावा. जागेची खूण लक्षात ठेवावी आणि गुरुजनांमार्फत जाणत्या संशोधकांस कळवावे. जागेवर पडलेले हाड हा साक्षीदार असतो. जागेवरून हलविले की त्याची अर्धी साक्ष नाहीशी होते.